सादळणं

गुहागरच्या आमच्या घरात जून ते सप्टेंबर एकाच क्रियापदाचं राज्य असायचं : सादळणं. पापड सादळायचे, कुरमुरे सादळायचे, आगपेटीतल्या काड्या सादळून नुसता गुल सोडायच्या. मिठाच्या बरणीत आई तांदळाचे दाणे टाकायची, तरी चार दिवसांनी मीठ चमच्याने खणून काढावं लागायचं. बाबांच्या लग्नातल्या कोटाच्या कॉलरवर दरवर्षी बुरशी उमलायची. आईचं अर्धं आयुष्य घरातली ओल बाहेर घालवण्यात गेलं.

आणि मी इथे नागपुरात बसून तीच ओल घरात आणायचा खटाटोप करतेय. एका झाडासाठी.

खरं तर नागपूरचा पहिला उन्हाळा मला वरदानच वाटला होता. सकाळी गच्चीवर घातलेल्या कुरडया संध्याकाळी खडखडीत. दारावर टाकलेला ओला टॉवेल चहा होईस्तोवर कोरडा. आईला फोनवर हे सांगताना मला जरा श्रीमंत झाल्यासारखंच वाटायचं. मग फेब्रुवारीत नर्सरीतून कॅलॅथिया आणली. गर्द हिरव्या पानांवर कुणीतरी बारीक कुंचल्याने ओढाव्यात तशा गुलाबी रेघा, पान उलटलं की खाली जांभळा रंग. दिवेलागणीला पानं हळूहळू उभी होतात. पानाच्या बुडाशी सांध्यासारखा एक फुगीर भाग असतो, त्यातल्या पाण्याचा दाब बदलला की पान वर-खाली होतं. हे कारण ठाऊक असूनही मी रोज संध्याकाळी दिवा लावताना तिच्याकडे बघतेच.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पानांच्या कडा तपकिरी पडल्या. बोटाने चाचपलं तर भाजलेल्या पापडाच्या कडेसारखा तुकडा मोडून हातात आला. हे झाड मूळचं दक्षिण अमेरिकेतल्या वर्षावनातलं, उंच झाडांच्या सावलीत, कायम दमट हवेत वाढणारं. निदान ५०-६० टक्के आर्द्रता हवी. मी आर्द्रता मोजायचं एक डबीएवढं यंत्र मागवलं. दुपारी तीनला त्यावर आकडा होता १४.

हवा कोरडी म्हणजे तिच्यात पाणी नाही, असं मी आजवर समजत होते. तसं नाही. हवा तापली की तिचं भांडं मोठं होतं. २५ अंशांच्या हवेत घनमीटरमागे २३ ग्रॅम वाफ मावते, ४४ अंशांच्या हवेत सुमारे ६२ ग्रॅम. म्हणजे पहाटे अर्धी भरलेली हवा, तेवढंच पाणी घेऊन, दुपारी पाचव्या हिश्श्यालाही भरत नाही. वाटीभर आमटी मोठ्या पातेल्यात ओतावी तसं. मग ते पातेलं जिथून मिळेल तिथून पाणी ओढतं : कुरडयांतून, माझ्या ओठांतून, कॅलॅथियाच्या पानांतून.

उपाय सगळे केले. फवारा मारला, पानं पाच-दहा मिनिटं चमकली आणि हवा होती तिथे आली. ताटलीत खडे आणि पाणी घालून त्यावर कुंडी ठेवली. यंत्राला पत्ताही लागला नाही. चार कुंड्या एकमेकींना खेटून ठेवल्या, कारण झाडंही पानांतून वाफ सोडतात. त्याने जरा फरक पडला. लोणच्याच्या रिकाम्या बरणीत एक नेचा मात्र झाकण लावून मजेत आहे. ही युक्ती लंडनच्या वॉर्ड नावाच्या डॉक्टरांची. १८२९ साली त्यांनी पतंगाचा कोष ओल्या मातीत, बंद बाटलीत ठेवला होता आणि मातीतून नेचा उगवला, ज्याला कोळशाच्या धुराने त्यांच्या बागेत जगू दिलं नव्हतं. पुढे तशाच काचेच्या पेट्यांतून झाडं समुद्रापार जाऊ लागली. चीनमधली चहाची रोपं हिमालयाच्या पायथ्याशी आली तीही अशा पेट्यांतून. पण दोन फुटी कॅलॅथियाला बसेल अशी बरणी आमच्या घराण्यात कुणी घातलेल्या लोणच्याची नव्हती.

शेवटी कामी आला तो कूलर. नागपूरचा जुना पत्र्याचा कूलर, ताट्यांवरून पाणी झिरपणारा. बारा महिन्यांतले तीन महिने आम्ही त्याच्यासमोर बसून ज्याला थंडावा म्हणतो, त्याच्यासोबत खरं तर ओलही येत असते. कुंडी बैठकीच्या खोलीत आणली आणि कूलरच्या झोताबाहेर, कोपऱ्यात ठेवली (समोर ठेवून बघितलं होतं, एका दिवसात पानांच्या सुरळ्या झाल्या). आकडा ५५ वर गेला. शेजारच्या काकू आल्या, कोपऱ्यात बघून म्हणाल्या, ‘‘अवं बाई, झाडाले कूलर लावला का तू? आमच्या घरी माणसाले पुरत नाही!’’

तरी कडा जळतच होत्या. आता हवेला दोष देता येईना. एका रविवारी कूलर धुवायला काढला, तर ताट्यांवर पांढरा क्षार बोटभर चढलेला. तो खरवडता खरवडता हात थांबला. कूलरच्या टाकीत मी आरओचं, म्हणजे पिण्याचं पाणी गाळायच्या यंत्राचं, बाहेर पडणारं पाणी ओतत होते. वाया कशाला घालवायचं, म्हणून. आणि त्याच बादलीतून कॅलॅथियाला. गाळून निघालेल्या पाण्यातले क्षार त्या उरलेल्या पाण्यातच जमतात; म्हणजे महिनाभर मी तिला इमानेइतबारे खारवून ठेवत होते. तेव्हापासून पिण्याचं पाणी आधी तिला, उरलेलं फरशीला.

मेच्या शेवटी, ऐन नवतप्यात, उन्हाळ्याच्या त्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत, आई आली. स्टेशनवरून घरी येऊन पंख्याखाली बसली आणि यंत्र, खडे, फवारा, कूलर असा सगळा प्रपंच तिने शांतपणे बघितला.

‘‘अगो, हे झाड आहे की जावई?’’

मग सादळ म्हणजे काय, हे ज्या बाईने मला शिकवलं, तिनेच रात्री झोपताना कूलरची टाकी भरलीय ना, ते उठून पाहिलं. जाताना मात्र माझ्यासाठी आणलेल्या पापडांचा डबा तिने तीनदा घट्ट लावून दाखवला. नागपुरात कशाला, असं म्हटलं तर ऐकलं नाही.

जूनच्या मध्यात पाऊस आला आणि कूलर एका दिवसात निरुपयोगी झाला. फिरवला तर नुसती चिकचिक. यंत्र न विचारता ८१ दाखवू लागलं. कॅलॅथियाच्या मधून सुरळी वर आली, चार दिवसांत उलगडली. कडा अख्ख्या, गुलाबी रेघा अगदी ओल्या रंगासारख्या. मग दुसरी. मग तिसरी.

ऑगस्टमध्ये कपाट उघडलं तर माझ्या कातडी चपलांवर पांढरट हिरवी लव. आईला फोन केला.

‘‘कोरड्या फडक्याने पूस आणि उन्हात ठेव. ऊन आहे का?’’

‘‘नाही.’’

‘‘मग राहू दे. आणि पापड?’’

डबा उघडून बघते म्हटलं. तो मी जूनमध्येच नुसता वरवर लावून ठेवला होता.