ट्यूबचा तुकडा

आमची दिंडी संगमनेर तालुक्यातली, लहानशी. साठ-सत्तर माणसं, एक वीणा, सामानाचा एक टेम्पो. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांच्या दारात पोचायचं म्हणून सहा दिवस आधी निघतो. आषाढीचं कौतुक सगळ्यांना असतं. पौषातली वारी कशी असते ते पहाटे चारला उघड्यावर गार पाणी अंगावर घेतलेल्या माणसाला विचारावं.

मी दुसऱ्यांदा चालत होते, जाऊबाई अकराव्यांदा. हा आकडा त्या पंगतीत नव्या माणसाला आवर्जून सांगतात आणि सांगताना माझ्याकडे बघतात.

नांदूर शिंगोटे, सिन्नर, मोहदरीचा घाट, शिंदे-पळसे. हे दिवस आता एकमेकांत मिसळून गेलेत. पिठलं कुठल्या मुक्कामी होतं, कुणाच्या घोरण्यानं रात्र जागून काढली ती शाळा कुठली, काही सांगता येत नाही. हरिपाठात माझा शब्द चुकला की जाऊबाईंचा टाळ जागीच थांबायचा, तेवढं मात्र प्रत्येक दिवसाचं वेगळं आठवतं. नाशकात गंगेवर, म्हणजे गोदावरीत, पाय बुडवले, काळारामाला बाहेरूनच हात जोडले.

सातपूर सोडलं तेव्हा उजव्या टाचेला फोड आला होता. तो बेळगाव ढग्याच्या अलीकडे फुटला. नवीन चपला घालून वारीला येऊ नये हे मला माहीत होतं, पण जुन्यांचा अंगठा तुटला होता आणि मुलीनं हौसेनं घेऊन दिल्या होत्या. मी मागे पडत गेले. आधी मृदंग ऐकू यायचा, मग नुसते टाळ, मग काहीच नाही. पताका वळणाआड गेल्या. आता कुणीतरी मागे वळेल असं वाटत होतं. जाऊबाई तरी. दुसऱ्या दिंड्या शेजारून जात होत्या, 'चला माऊली' म्हणत होत्या, आणि मला त्या माऊलीचाही राग येत होता. सहा दिवस नाव घेऊन माणूस इतका चिडका कसा राहतो, हे माझं मलाच कळेना.

रस्त्याकडेला पंक्चरचं दुकान होतं. पत्र्याची टपरी, बाहेर उभा केलेला टायर. सावलीला टेकले तर आतून आवाज आला, "मावशी, तिथं नका बसू, ऑइल सांडलंय." पोरगा तिशीचा असेल. हातातलं काम न सोडता त्यानं सुरुवात केली. दरवर्षी तुम्ही लोक जाता आणि मागे पत्रावळ्यांचा ढीग ठेवता, गाई प्लास्टिक खातात, वाऱ्यानं सगळं माझ्या दुकानात येतं. मी काय बोलणार? सकाळीच आमच्या पंगतीतल्या पत्रावळ्या चरात गेलेल्या मी पाहिल्या होत्या.

मग त्याचं लक्ष पायाकडे गेलं. "दाखवा." मी पाय मागे घेतला. परक्या पुरुषापुढे पाय काय करायचा! "पाय नको, चप्पल दाखवा," म्हणाला. फिरवून बघितली, टाचेचा पट्टा अंगठ्यानं दाबला. मग जुन्या ट्यूबचा बोटभर तुकडा कापला, कानशीनं घासला, सोल्युशन लावलं आणि सुकेपर्यंत फुंकत बसला. पट्ट्याच्या आतून तो असा चिकटवला की कडा कुठे लागायलाच नको. त्याच्यावर पाण्याच्या टबाशेजारची हातोडी दोनदा हळूच मारली. मधे एक ट्रकवाला हॉर्न मारत आला, त्याला त्यानं जी शिवी घातली ती इथे लिहीत नाही. मला मात्र बाटलीतलं पाणी दिलं, "टाच धुवा, धूळ गेलीय आत," आणि पाठ फिरवून उभा राहिला. धुऊन होईपर्यंत वळला नाही.

पैसे घेतले नाहीत. नमस्कार करायला गेले तर म्हणाला, "ते राहू द्या. पत्रावळ्यांचं सांगा तुमच्या महाराजांना."

पुढचं अंतर चप्पल करकरत होती, पण टोचत नव्हती. महिरावणी गेलं, डावीकडे अंजनेरी आला. त्याच्या कड्यावर ऊन उतरत होतं आणि मी एकटीच मोठ्यानं हरिपाठ म्हणत होते, चुकत चुकत. टाळ थांबवणारं कुणी नव्हतं. रडू का आलं ते माहीत नाही.

मुक्कामावर जाऊबाई म्हणाल्या, "आलीस? भाकरी झाकून ठेवलीय." बस.

त्र्यंबक दशमीलाच माणसांनी भरलं होतं. गौतम तलावाकाठी धुणी आणि चुली, कुशावर्तावर पाय ठेवायला पायरी नाही. नानासाहेब पेशव्यांनी 1755 मध्ये काम सुरू केलेल्या त्या काळ्या देवळाचा कळस लांबून दिसला, तोच पावला. रात्री कीर्तनात दरवर्षीची कथा झाली. ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेत वाघ आडवा येतो, विठ्ठलपंतांचं कुटुंब पांगतं, लहानगा निवृत्ती वाट चुकून गुहेत शिरतो आणि आत त्याचे होणारे गुरू गहिनीनाथ बसलेले. वाट चुकल्यावर त्याला गहिनीनाथ भेटले, मला पंक्चरवाला. ज्याची त्याची पात्रता.

पुढचं महाराजांनी घाईत सांगितलं, मला तेच लागलं. ज्ञानदेव गेले, सोपान गेला, मुक्ताई गेली, आणि सगळ्यांत थोरला हा मागे राहिला. 1297 च्या ज्येष्ठात त्यानं इथे समाधी घेतली. पाठच्या भावंडांना पोचवून मग. शेजारी जाऊबाई डोळे पुसत होत्या. त्यांचा धाकटा भाऊ गेल्या पावसाळ्यात गेला, हे मला तेव्हा आठवलं. सहा दिवसांत एकदाही आठवलं नव्हतं.

एकादशीला समाधीच्या रांगेत सात तास गेले. पुढे मिनिटभरही मिळालं नाही. काय मागायचं ठरवून आणलं होतं ते विसरले. पत्रावळ्यांचं महाराजांना सांगितलं. ते "हो हो" म्हणाले.

बाहेर आले तर चपला नाहीत. ढिगात तीनदा शोधल्या, अनवाणी उभी राहिले.

"देवळात चपला गेल्या म्हणजे पीडा गेली," जाऊबाई म्हणाल्या.

"पीडा कसली? त्यात ट्यूब होती!" मी इतक्या जोरात ओरडले की रांगेतली माणसं वळून बघायला लागली. जाऊबाईंना त्यातलं काही कळलं नाही. त्यांनी आपल्या चपला काढून माझ्यापुढे सरकवल्या आणि एसटी स्टँडकडे चालू लागल्या. एक नंबर मोठ्या होत्या.