थंडीतली गरम कुंडं : पुण्याहून आरवली, तुरळ, उन्हवरे

कोकणातल्या गरम कुंडांना जायचं तर डिसेंबर-जानेवारीतच जावं. झऱ्याची ऊब बारा महिने जवळपास तीच असते, पण पावसाळ्यात ओढ्या-नद्यांचं पाणी त्यात मिसळतं आणि एप्रिलच्या उकाड्यात गरम पाण्यात बसवत नाही. शिवाय थंडीतल्या पहाटे कुंडावर वाफ दिसते. ऊन चढलं की ती दिसेनाशी होते. सातच्या आत पोचायचं असल्याने मुक्काम चिपळूणलाच करावा.

पुण्याहून आम्ही उंब्रज, पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरतो. घाटात काळ्या कातळाचे थर एकावर एक चढलेले दिसतात. हे सगळे लाव्ह्याचे लोट, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचे. ते बघून खाली अजून काहीतरी धुमसत असेल असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं अजिबात नाही, तो लाव्हा केव्हाच निवला. पावसाचं पाणी भेगांतून खोल उतरतं, तिथे दर किलोमीटरला साधारण 25 ते 30 अंशांनी तापमान वाढत जातं आणि तापलेलं पाणी दुसऱ्या एखाद्या भेगेतून वर येतं. उन्हवऱ्याचं पाणी 70 अंशांच्या आसपास आहे. वरच्या जमिनीचे 27 अंश धरले, तरी ते किमान दीड किलोमीटर खाली जाऊन आलंय. वाटेत थोडं निवतंच, म्हणजे खरी खोली त्याहून जास्त. पालघरपासून राजापूरपर्यंतचे असे झरे किनाऱ्याला साधारण समांतर पट्ट्यात आहेत. आम्हाला हा सगळा प्रवास त्यासाठीच मोलाचा वाटतो.

चिपळूणहून संगमेश्वरकडे निघालं की आधी आरवली लागतं, मग तुरळ, आणि जवळच राजवाडी. सुरुवात आरवलीपासून करावी, कारण तिथलं पाणी 40च्या आसपास, अंगाला सोसेल इतकंच. तुरळचं पाणी साठीच्या घरातलं. त्यात पाय घातला तर काही सेकंदांत भाजतं. एक बादली कुंडाचं पाणी आणि एक बादली साधं पाणी (सकाळी ते 22 अंशांचं असतं) मिसळलं की 41 अंशांचं होतं. आधी बादलीत साधं पाणी घ्यावं, गरम नंतर ओतावं. उलट केलं तर लहान मुलं बघता बघता गरम पाण्यात हात घालतात.

कुंडाच्या तळाशी वाकून नीट बघा. भेगेतून बुडबुड्यांच्या माळा वर येतात, थोडा वेळ थांबतात, परत सुरू होतात. पाणी उकळतंय असं वाटतं, पण तो मुख्यतः नायट्रोजन. वास येतो तो गंधकाच्या वायूचा. काही मिनिटांत नाकाला त्याची सवय होते, वास मात्र गेलेला नसतो. चांदीची जोडवी, पैंजण, अंगठ्या गाडीतच काढून ठेवा, या पाण्यात त्या काळ्या पडतात. तापमान मोजायचं तर थर्मामीटर बुडबुड्यांजवळ मिनिटभर बुडवून ठेवा आणि पाण्यात असतानाच आकडा वाचा. बाहेर काढला की पारा उतरतो. तापाचा थर्मामीटर इथे कामाचा नाही, त्याची पट्टी 42 अंशांनाच संपते.

पाण्यात दहा-पंधरा मिनिटं पुरेत. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल, दिवस गेलेले असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये. बाहेर येताना सावकाश उठा, एकदम उभं राहिलं की भोवळ येते. डोकं बुडवू नका आणि नाकात पाणी जाऊ देऊ नका. कोमट साचलेल्या पाण्यात मेंदूला घातक असा अमिबा वाढू शकतो. तो क्वचितच आढळतो, पण नाक वर ठेवायला काहीच पडत नाही. पायऱ्यांवर शेवाळ असतं, अनवाणी सांभाळून उतरा. साबण आणि तेल मात्र कृपा करून नेऊ नका. तेच पाणी पुढच्याच्या अंगावर जातं.

उन्हवरे दापोली तालुक्यात, वाकवलीवरून आत. परतताना खेड, महाड, माणगाव आणि ताम्हिणी घाट. ताम्हिणीत रात्री वळणं दिसत नाहीत, तेव्हा उजेडात चढून जावं.

घरातल्या वयस्कर मंडळींना एवढी दगदग नको असेल तर खोपोलीमार्गे पालीजवळचं उन्हेरे गाठा. पुण्याहून एका दिवसात सहज होतं आणि पाणीही सोसेल इतकं गरम. पालीला अष्टविनायकाची गर्दी असते, त्यामुळे रविवार आणि चतुर्थी टाळा.