धाकट्याचं शेवटचं बोरन्हाण

भोगी, रात्री पावणेबारा

शेवटच्या बाजूबंदाची गाठ आत्ता मारली. सात बाळांचे हलव्याच्या दागिन्यांचे सात संच खोक्यांत भरून कपाटावर ठेवलेत, मुंग्यांसाठी खाली हळदीची रेघ ओढलीय. सहा खोकी उद्या सकाळी लोक घरी येऊन नेतील, सातवं मी ऑफिसला जाता जाता ठाणे स्टेशनवर पुलाखाली देणार आहे.

आठवा संच धाकट्याचा. तो झालाच नाही.

येत्या मार्चमध्ये त्याला पाच पूर्ण होतील. आमच्याकडे पाचव्या वर्षापर्यंतच बोरन्हाण करतात, म्हणजे यंदाचं शेवटचं. दिवाळीत मनाशी पक्कं केलं होतं, या वर्षी आधी त्याचे दागिने करायचे आणि मग बाहेरच्यांचे. पण ज्यांनी आगाऊ पैसे दिलेत त्यांचं काम डोळ्यांसमोर दिसत राहतं, घरचं मूल काही तगादा लावत नाही. त्याने आज एकदाच विचारलं, "माझी बासरी कुठली?" मी म्हटलं, उद्या करते. त्याने मान डोलावली आणि खेळायला गेला. तेच मला जास्त लागलं.

रविवारी संध्याकाळी पाचला बिल्डिंगमधल्या पोरांना बोलावलंय. चार दिवस आहेत. होईल.

आईंनी (म्हणजे सासूबाईंनी) यंदा हलवा इतका सुरेख केलाय की दागिने ओवताना वाईट वाटतं, दोऱ्याखाली काटा झाकला जातो म्हणून. डिसेंबर संपता संपता त्यांची पितळी परात माळ्यावरून खाली येते. मंद आचेवर परात, त्यात तीळ, कधी साबुदाणा, कधी खसखस. पाक आधीच दुधाचा चमचा घालून उकळून, मळी काढून घेतलेला असतो, नाहीतर हलव्याला पांढरेपणा येत नाही. तो पाक चमच्याने थोडा थोडा सोडायचा आणि बोटांनी दाणे फिरवत राहायचं. आच वाढली की दाणे पिवळट पडतात, हात थांबला की एकमेकांना चिकटतात. पहिल्या दिवशी कष्टाचं काही म्हणजे काही दिसत नाही. मग हळूहळू दाणा फुगतो आणि त्याला बारीक काटा फुटू लागतो. हवेत गारठा असला की काटा छान येतो, आणि ठाण्यात यंदा पहाटे बरा गारठा होता. बहात्तराव्या वर्षी आई रोज दुपारी दोन तास त्या परातीपुढे बसल्या. त्यांच्या बोटांची टोकं अजून लालसर आहेत.

त्या दाण्याला सुई चालत नाही, टोचली की फुटतो. दोऱ्याचा बारीक फास करायचा, दाणा त्यात बसवायचा आणि अलगद ओढायचं. काट्यांच्या बेचक्यात दोरा अडकतो, म्हणूनच दाणा निसटत नाही. मग गाठ, मग पुढचा फास. जास्त ओढलं तर काटा मोडतो, कमी ओढलं तर हार गळ्यात घालताना दाणे खाली. बाळाच्या हाराला माझे साधारण ऐंशी दाणे लागतात. मुकुट, दोन बाजूबंद, दोन मनगट्या, कमरपट्टा आणि बासरी धरून एका संचाला अख्खी रात्र जाते. आत्ता डोळे मिटले तरी पांढरे दाणेच दिसतायत.

संक्रांत

ऑफिसला सुट्टी नाही. लेडीज डब्यात मुलुंड यायच्या आत तिळगूळ वाटून झाला, काळ्या साड्यांनी डबा भरलेला होता. संध्याकाळी हळदीकुंकू. वाण म्हणून या वर्षी जुन्या साड्यांचे बटवे शिवले होते, चोवीस. माझ्या आईच्या एका विटलेल्या इरकलीचे त्यात सहा निघाले आणि ते सहाच्या सहा आधी संपले. बायकांनी बरोबर तेच उचलले.

घरी आल्यावर गच्चीवरून पतंगवाल्यांचं "काऽट" ऐकू येत होतं. दरवेळी पोटात गोळा येतो.

करीदिन

आज दागिने करायला बसले तर आईंनी डबाच उचलून ठेवला. "करीदिनाला शुभाच्या कामाला हात लावायचा नाही." मी म्हटलं, अहो आई, तीनच दिवस उरलेत. त्या काही बोलल्या नाहीत, डबा फक्त वरच्या फळीवर गेला. मला राग आला हे खरं. पण त्यांनीच केलेला हलवा, त्यांचं ऐकायला हवं.

रात्री नऊला, मांज्यात अडकलेले पक्षी सोडवणाऱ्या आमच्या गटाच्या प्रमुख ताईंचा फोन. कालपासून सात पक्षी आले. चार कबुतरं, एक घार, एक पोपट, एक वटवाघूळ (ते पक्षी नव्हे, पण मांज्याला काय त्याचं). घार वाचली नाही.

शनिवार, रात्र

शुक्रवार थोरलीच्या विज्ञानाच्या प्रकल्पात गेला. ती सहावीत आहे, पाणी गाळायचं यंत्र करायचं होतं, वाळू आणि कोळसा शोधण्यात नऊ वाजले. आज बँकेची कामं, धाकट्याचा ताप (निव्वळ सर्दीचा, आता उतरलाय), जांभळी नाक्यावरून बोरं, उसाच्या कांड्या, हरभऱ्याचे घाटे. हार झाला. कमरपट्टा झाला. मुकुट, बाजूबंद, मनगट्या, बासरी बाकी. उद्या सकाळी मांजा काढायला जायचंय, तिथून दहाला परत आले की दुपारभर बसेन.

नवरा म्हणाला, "उद्या नको जाऊस ना, एक रविवार." चिडून नाही म्हणाला, काळजीने म्हणाला. मी गप्प राहिले, कारण त्याचं बरोबर होतं आणि माझं जायचंही ठरलेलं होतं.

रविवार, रात्री साडेअकरा

आजचं सगळं लिहून ठेवायचंय, झोप गेली तरी चालेल.

सकाळी सात ते साडेनऊ कचराळी तलावाभोवती आणि मागच्या गल्ल्यांमध्ये होतो. अकरा जण. लांब बांबूला आकडा बांधून फांद्यांवरचा मांजा गुंडाळून खाली ओढायचा. विजेच्या तारांवरच्याला आम्ही हात लावत नाही, ते वीज कंपनीच्या लोकांना कळवतो. संक्रांत होऊन गेल्यावर हे का करता, असं लोक विचारतात. सुती दोरा पावसापाण्यात कुजतो. नायलॉनचा कुजत नाही. २०१७ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने त्यावर देशभर बंदी घातली, तरी दर जानेवारीला तो झाडांवर सापडतोच, आणि काढला नाही तर जुलैतही कुणाचा तरी पंख त्यात अडकतो. काढलेला मांजा तसाच कचऱ्यात टाकूनही चालत नाही, बोटभर तुकडे करावे लागतात, नाहीतर कचऱ्याच्या ढिगावर कावळे आणि बगळे त्यात गुरफटतात. ते तुकडे करायचं काम माझं. माझी भरतकामाची छोटी कात्री आहे ना, बाकदार टोकाची, ती मी नेते. गटात सगळ्यांना ती माहीत झालीय.

घरी आले, जेवणं झाली, दागिने घेऊन बसले. मुकुटाचा पुठ्ठा कापला. पावणेचारला फोन.

कचराळीला ढोकरी (छोटा बगळा) अडकलीय, पाण्यावर आलेल्या फांदीला लटकतेय, अग्निशमन दलाला कळवलंय, पण दोरा पंखात खोल गेलाय, तू ये.

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "जा. पाचच्या आत ये." नौपाड्यातून रिक्षाने दहा मिनिटंसुद्धा लागत नाहीत. कात्री पिशवीतच होती.

ढोकरी काठावर बसलेली असली की मातकट दिसते, चिखलात मिसळून जाते, चार पावलांवर असली तरी कळत नाही. उडाली की पंख पांढरेशुभ्र. ही एका पंखावर लटकत होती, त्यामुळे तो एक पंख पूर्ण उघडा, पांढरा, आणि दुसरा मिटलेला, मातकट. दोन वेगळे पक्षी जोडल्यासारखे वाटत होते. फडफड थांबली होती. बोटीतून दोघं जण खाली गेले, फांदी आकड्याने वाकवली, वरून दोरा कापला आणि तिला चादरीत घेतलं. त्यात अर्धा तास गेला असेल.

मग ती माझ्यासमोर आली. एका मुलाने चोच धरली. बगळ्याच्या जातीचा पक्षी थेट डोळ्यांवर चोच मारतो, म्हणून ती आधी धरायची. डोक्यावर मी एक बटवा उलटा घातला, परवाच्या वाणातला उरलेला. डोळ्यांपुढे अंधार झाला की पक्षी शांत होतो. झालीही. पण छातीची धडधड बोटांना लागत होती, एवढ्याशा अंगात एवढी जोरात.

मांजा पंखाच्या सांध्यापाशी तीन वेढे बसला होता. त्याच्यावर पिसं चिकटलेली, पिसांवर रक्त सुकलेलं. ओढायचं नाही हे शिकवलेलं आहे. ओढलं की काचेचा लेप कातडीतून करवतीसारखा फिरतो. कात्रीचं टोक पिसांखालून सरकवायचं, दोरा उचलायचा, एका बाजूने कापायचं, दुसऱ्या बाजूने कापायचं, आणि मधला जो मांसात रुतलाय तो डॉक्टरांसाठी सोडायचा. पहिला वेढा सुटला. दुसरा सुटायला वेळ लागला, तो पिसाच्या देठाभोवती होता. तिथे मला एकदम जाणवलं की बोटं तेच करतायत जे आठ दिवस करतायत, फक्त उलटं. किती ओढलं की मोडेल आणि किती ओढलं की सुटेल, ते बोटांना आधीच ठाऊक होतं. कात्रीच्या खाचेत हलव्याची पांढरी भुकटी अजून होती. मला रडू आलं, का ते सांगता येत नाही. कुणी पाहिलं नसावं.

तिसरा वेढा मी तसाच ठेवला. भोकं पाडलेल्या खोक्यात खाली कापड घालून तिला ठेवलं. पाणी पाजायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. एक जण मोटरसायकलवर खोकं घेऊन पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे निघाला.

फोन पाहिला. सहा वाजून दहा मिनिटं. नवऱ्याचे चार मिस्ड कॉल.

रिक्षात बसले तेव्हा मनात एकच, की शेवटचं बोरन्हाण आणि त्याच्या अंगावर हार आणि कमरपट्टा सोडून काही नाही. त्यात मी घरी थांबले नाही म्हणून तो रुसला असेल. राममारुती रोडला गर्दी होती, रिक्षा हलेना, म्हणून उतरून चालत सुटले. चपलेचा अंगठा तुटला. तशीच आले.

दार उघडंच होतं. बाहेर वीसेक छोट्या चपला. आत सगळी पोरं गोल करून बसलेली आणि मधे पाटावर धाकटा, काळं झबलं घालून. त्याच्या डोक्यावर मुकुट होता. दंडावर बाजूबंद, हातात मनगट्या. आणि बासरी, दोन्ही हातांनी धरून ठेवलेली.

आई म्हणाल्या, "ये. तुझ्यासाठी थांबलोय. पोरांना तोवर चुरमुरे खायला घातले."

मी गेले आणि आई अन् थोरली जमिनीवर बसल्या, असं नवऱ्याने नंतर सांगितलं. थोरलीने इतकी वर्षं मला पाहिलंय, पण हलवा कधी ओवला नव्हता. आजीने पहिले पाच फास करून दाखवले आणि मग आजीची बोटं दुखायला लागली. उरलेले सगळे हिने केले. दोन तास उठली नाही म्हणे. मुकुट एका बाजूला झुकलाय, डाव्या अंगाला दाणे दाट आणि उजवीकडे विरळ. बासरी मधेच थोडी वाकलीय.

हात धुतले, ओवाळलं. आईंनी बोरं, हलवा, चुरमुरे, ओले हरभरे, उसाच्या कांड्या, गोळ्या, सगळं एका मापट्यात घेऊन त्याच्या डोक्यावरून ओतलं, आणि पोरं तुटून पडली. तो हसत होता, मुकुट डोळ्यांवर आला होता, आणि बासरी त्याने सोडली नाही.

थोरलीला मी जवळ घेतलं, तर ती म्हणाली, "आई, ढोकरी जिवंत आहे?" मी हो म्हटलं. "मग ठीक आहे," म्हणाली आणि बोरं गोळा करायला गेली.

सोमवार, रात्र

डॉक्टरांकडचा निरोप आला. मधला दोरा निघाला, टाके घातलेत, हाड शाबूत आहे. उडेल की नाही ते आठ-दहा दिवसांनी कळेल.

पुढच्या वर्षी पाचच ऑर्डरी घ्यायच्या, असं नवऱ्यासमोर कॅलेंडरच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं. थोरलीने खाली लिहिलं, "सहा. एक मी करीन."

दागिने डब्यात भरायला घेतले. बासरी सापडली नाही, धाकट्याच्या उशाखाली तिचा नुसता पुठ्ठा आणि दोरा होता. मुकुट उलटा करून पाहिला. माझ्या मुकुटाच्या मागे सगळी टोकं सारखी कातरलेली असतात. याच्या मागे दोऱ्यांचा गुंता, एकेक टोक कमी-जास्त लांबीचं, काही टोकं चपटी आणि कडक झालेली. कात्री माझ्यापाशी होती ना. तिने प्रत्येक दोरा दातांनी तोडलाय.

मी तो तसाच डब्यात ठेवला.