मोगऱ्याचा ताण तोडला, त्यानंतरचे सात आठवडे

गच्चीवर मोगऱ्याच्या तीन कुंड्या आहेत. तिन्ही बारा इंची, झाडं पाच-सहा वर्षांची. गेल्या वर्षी पानं तरारून आली होती, पण उन्हाळाभर ओंजळभर फुलंही मिळाली नाहीत. वरूडला मामांच्या संत्र्याच्या बागेत आंबिया बहारासाठी, म्हणजे हिवाळा सरताना येणाऱ्या फुलोऱ्यासाठी, हिवाळ्यात पाणी तोडतात, हे लहानपणापासून बघत आले आहे. यंदा म्हटलं, मोगऱ्यालाही तसाच ताण देऊन बघू.

२६ जानेवारी. दोन कुंड्यांचं पाणी बंद. तिसरीला आईने हात लावू दिला नाही. "हिरवंगार झाड उगाच का उपाशी ठेवतेस?" ते झाड आता तिचं.

८ फेब्रुवारी. पानं मलूल झाली, खालची पिवळी पडून गळली. छाटणी केली. वाळक्या, काडीसारख्या बारीक आणि एकमेकींत घुसलेल्या फांद्या मुळापासून काढल्या, बाकीच्या निम्म्यावर आणल्या. उरलेली पानंही हाताने खुडली. मोगऱ्याची कळी नव्या फुटीच्या शेंड्याला येते, त्यामुळे जुन्या लाकडाचा मोह धरण्यात अर्थ नाही. वरची दोनेक इंच माती उकरून काढली आणि तिच्या जागी जुनं शेणखत, मूठभर निंबोळी पेंड, दोन चमचे बोनमील (हाडांचा चुरा) घातलं. मग भरपूर पाणी देऊन ताण तोडला. उघड्याबोडक्या काड्या बघून रात्री पोटात कालवलं, खरंच.

१९ फेब्रुवारी. प्रत्येक पेरावर दोन्ही बाजूंनी पोपटी फूट, तांदळाच्या दाण्याएवढी! दुपारचं ऊन आता चटका देतं, म्हणून पाणी सकाळीच.

शेजारच्या कुंड्यांचं थोडक्यात: पिटुनिया अजून भरात आहे, शेवंती संपली. कुंदाची शेवटची फुलं चालू आहेत. बोगनवेल मात्र पेटली आहे, आणि तिलाही मी जानेवारीत पाणी कमीच दिलं होतं.

९ मार्च. कळ्या दिसल्या. दोन कळ्या जांभळट होऊन मान टाकलेल्या, एकीला टाचणीने टोचावं तसं भोक. कळी पोखरणारी अळी. अशा सगळ्या कळ्या खुडून साबणाच्या पाण्यात टाकल्या, खाली गळलेल्याही उचलल्या. संध्याकाळी निंबोळी तेल, लिटरला पाच मिली, थोड्या साबणासह. नंतर आठ-आठ दिवसांनी दोनदा.

२२ मार्च. संध्याकाळी पहिलं फूल. शेंड्याला तीन कळ्यांचा झुबका असतो, त्यात मधली आधी मोठी होते. सकाळी ती कळी मिटलेलीच होती, टोक जरा हिरवट. सहाच्या सुमारास फुगून दुधासारखी पांढरी झाली आणि दिवे लागले तेव्हा वरच्या पाकळ्या सैल पडल्या. मी तिथेच पाटावर बसून होते. वास आधी आला, फूल पूर्ण उमललेलं नंतर दिसलं.

३० मार्च, पाडवा. आजवरची मोजणी: ताण दिलेल्या कुंड्यांमध्ये ३१ आणि २३ कळ्या, आईच्या झाडाला ४. तिची पानं मोठी, काळपट हिरवी, फारच देखणी, पण फूट सगळी पानांचीच. तीन कुंड्यांवरून नियम ठरत नाही, आणि ताण व छाटणी दोन्ही एकत्र केल्यामुळे श्रेय कुणाला किती द्यायचं हेही सांगता येणार नाही. पुढच्या वर्षी एका कुंडीची नुसती छाटणी करून बघणार आहे.

आता फुललेला झुबका संपला की त्याखालच्या दोन पानांच्या जोड्यांसकट फांदी खुडते आहे, म्हणजे तिथून पुन्हा फूट येईल. काल आईने स्वतःच कात्री मागितली. मार्चअखेरीला इतकी कडक छाटणी नको म्हणून तिच्या झाडाचे फक्त शेंडे मारले. गुढीला आज झेंडूच्या माळेत अकरा मोगरे ओवले होते, ते तिनेच.