पिशवी नको, डबा आणा – आमच्या दुकानाची वाटचाल

अण्णांनी १९८६ साली पुण्यात सहकारनगरात किराणा दुकान टाकलं तेव्हा पॅकेजिंग म्हणजे रद्दी आणि डोक्यावर टांगलेला सुती दोऱ्याचा गुंडा, बास. डाळ कागदावर ओतायची, चार घड्या, दोरा दोनदा फिरवायचा आणि बोटाला वेढा देऊन झटक्यात तोडायचा, कात्री नाही. मला तो झटका अजून जमतो, माझ्या मुलाला नाही जमत. (छापील रद्दीत खायचं बांधायला आता बंदी आहे आणि ते बरोबरच आहे, शाई उतरते. अण्णांना शेवटपर्यंत पटलं नाही.) मग कॅरीबॅग आली, वीसेक वर्षं धंदा नीट चालला, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

मार्च २०१८ ला राज्यात प्लास्टिकबंदी आली आणि २३ जूनपासून दंड सुरू. पहिल्यांदा सापडलात तर ५,०००, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि वर तीन महिने आत. सगळं मार्केट घाबरलेलं, आणि अशा वेळी बाईकवरून एक पिशवीवाला आला. "शेठ, ही विरघळणारी आहे, चालते," म्हणाला, तशा दाखल्याची झेरॉक्स दाखवली. झेरॉक्स! आणि मी ४० किलो माल घेतला. महिन्याभरात पथक आलं, ओरिजिनल दाखला मागितला, तो कुठे होता, ५,००० ची पावती फाटली आणि पिशव्या जप्त. पिशवीवाल्याचा फोन तेव्हापासून स्विच ऑफ. एक पिशवी मी मुद्दाम हिच्या गच्चीवरच्या खताच्या कुंडीत पुरली, सहा महिन्यांनी काढली तर छापलेलं नावसुद्धा वाचता येत होतं. आणि खरी कंपोस्टेबल, म्हणजे कुजून खत होणारी, पिशवीसुद्धा घरच्या कुंडीत पटकन कुजत नाही, तिला मोठ्या प्रकल्पातली पन्नास-साठ डिग्रीची धग लागते, हे मला दंड भरल्यावर कळलं.

दंड झाला त्याच आठवड्यात मी मायक्रोमीटर, म्हणजे पिशवीची जाडी मोजायचं यंत्र, विकत आणला. नवीन दुकानदारांना सांगतो, माल घेताना एक पिशवी मोजू नका, दहा पदर एकावर एक ठेवून मोजा आणि दहानं भागा, म्हणजे पिशवीवाला फसवू शकत नाही. केंद्राचे जाडीचे नियम तर बदलतच राहिले, कमीत कमी आधी ५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), मग ७५, २०२२ च्या डिसेंबरअखेरपासून १२०. मायक्रोमीटर तोच आहे, गल्ल्याशेजारी.

मग ठरवलं की सगळं कागदी करायचं. तपकिरी क्राफ्टच्या पिशव्या, लाख-सव्वालाखाचा माल एकदम घेतला, रेट चांगला मिळाला म्हणून, आणि तळघरातल्या गोडाऊनमध्ये ठेवला. तारीख २५ सप्टेंबर २०१९. पुण्यात कोणाला सांगायला नको त्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुरानं काय केलं. आमच्याकडे माणसं वाचली हेच मोठं, पण सकाळी तळघरात उतरलो तर पिशव्यांचा अक्षरशः लगदा, साखरेची पोती रिकामी होऊन नुसतं बारदान उरलेलं, काटा बंद. आणि ओढ्याच्या कडेला झुडपांवर जिकडेतिकडे कॅरीबॅगा लटकत होत्या, शाबूत. तेव्हा मला हसू पण आलं आणि रडू पण. हिच्या बांगड्या गहाण टाकल्या. दुकान विकायचं जवळजवळ ठरलंच होतं.

तेव्हा आल्या आमच्या बाई. शाळेतून रिटायर झालेल्या, अण्णांच्या वेळेपासूनचं गिऱ्हाईक. चिखलात उभं राहून सहा महिन्यांच्या किराणाचे पैसे आगाऊ हातात ठेवले, म्हणाल्या, "वहीत लिही, नाहीतर तू विसरशील." या बाईंनी आयुष्यात आमच्याकडून पिशवी घेतली नाही. स्टीलचे डबे घेऊन यायच्या आणि प्रत्येक डब्याच्या तळाला लाल नेलपॉलिशनं वजन लिहिलेलं, ४१० ग्रॅम, ६३५ ग्रॅम. आम्ही पोरं त्यांना हसायचो.

दंड झाला, पूर आला, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की उत्तर तर तीस वर्षं आमच्या काट्यावर येत होतं. गिऱ्हाईकाचं खरं भांडण पिशवीचं नसतं, वजनाचं असतं. "डब्याचं वजन धरलंत का हो?" तेवढी शंका मिटली की माणूस डबा आणतो. आता कोणी डबा घेऊन पहिल्यांदा आलं की आम्ही रिकामा मोजून तळाला नेलपॉलिशनं आकडा टाकतो, पुढच्या वेळी काट्याला टेअर मारायला, म्हणजे डब्याचं वजन वजा करायला, दोन सेकंद. कापडी पिशवीला दहा रुपये डिपॉझिट पण करून बघितलं, एकही पिशवी परत आली नाही, लोकांना आवडल्या म्हणे.

रिसायकलिंगचं मला शिकवलं आमच्या गल्लीत कचरा गोळा करणाऱ्या 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताईंनी. मी सगळं एकत्र बांधून द्यायचो, त्या ओरडायच्या. पुठ्ठा कोरडा ठेवा, ओल्याला भाव नाही. दुधाची पिशवी विकली जाते, तिचा कापलेला कोपरा टाकू नका. चकचकीत वेफर्सचं पाकीट मात्र कोणी घेत नाही, ते अनेक थरांचं असतं. तेलाचे १५ किलोचे डबे आणि बारदान तर आम्ही पहिल्यापासून विकतोच, त्याला तेव्हा कोणी पर्यावरण म्हणत नव्हतं.

आता समोरच्या मार्टचं सांगतो, सांगू नये पण सांगतो. त्यांनी हिरव्या पानाचं चित्र छापलेल्या कागदी पिशव्या आणल्या, फोटो छापून आला, सत्कार झाला. मी एक पिशवी फाडून बघितली. आतून प्लास्टिकचं अस्तर! म्हणजे ती ना रद्दीत जाते ना प्लास्टिकमध्ये, ताईंनी लांबूनच ओळखली. आम्हाला सत्काराचा नारळ कोणी दिला नाही, राहू दे, नारळ आम्ही विकतोच.

बाई गेल्या वर्षी मुलीकडे राहायला गेल्या. ४१० वाला डबा आमच्या फळीवर ठेवून गेल्या, त्यात आता नेलपॉलिशच्या बाटल्या असतात.

दुकान सकाळी आठ ते दुपारी एक, मग पाच ते नऊ. डबा धुतलेला आणि कोरडा आणा. ओल्या डब्यात रवा भरून देणार नाही, कालच यावरून एकीशी वाद झालाय.