एक कान मागे

माथेरानला दस्तुरी नाक्यावरून निघालेलं घोडं दुपारच्या वेळी बघावं. पाठीवर मुंबईहून आलेलं कुणीतरी, दोन्ही हातांनी खोगीर घट्ट धरून बसलेलं. घोडेवाला लाल धुळीतून मागून पायी. घोडं अर्धवट पेंगुळलेलं. त्याचा एक कान पुढे रस्त्याकडे असतो आणि दुसरा सरळ मागे वळलेला. पाठीवरचा माणूस “चल राजा” म्हणतो, मान थोपटतो. मागच्या कानाला त्याचं सोयरसुतक नाही. तो घोडेवाल्याच्या चपलांवर लागलेला असतो. चपला थबकल्या की घोडं थबकतं, आणि वरच्या माणसाला वाटतं, आपणच लगाम ओढला.

‘घोडा मालकाला ओळखतो’ असं आपण सहज म्हणून जातो. त्यातला ‘मालक’ हा शब्द मला खटकतो. घोड्याला पावती वाचता येत नाही. रविवारी गाजर घेऊन येणारा मालक आणि रोज पहाटे खरारा करून अंग घासणारा, निगा राखणारा मोतद्दार, यांतला त्याचा माणूस कोण हे तबेल्याच्या दारात पाच मिनिटं उभं राहिलं तरी समजतं. मोतद्दाराची चाहूल लागली की तोंड मिटलेलं ठेवून, नाकपुड्या थरथरवत तो एक हलका घुमारा काढतो. घोडी आपल्या शिंगराशी बोलते तो हाच आवाज. खिंकाळी वेगळी. ती लांब जाणारी, नजरेआड झालेल्यासाठी. घुमारा जवळ येणाऱ्यासाठी. मालकाच्या वाट्याला बहुतेक वेळा यातलं काहीच येत नाही, घोडा फक्त त्याचा खिसा हुंगतो.

मराठी फौजेत शिलेदाराचा घोडा स्वतःचा आणि बारगिराचा सरकारी पागेतला. सभासदाच्या बखरीत पंचवीस बारगिरांमागे पाणी वाहणारा एक पखालजी आणि नाल ठोकणारा एक नालबंद अशी नेमणूक सांगितली आहे. माणसांनी हा भेद दप्तरात नीट लिहून ठेवला. घोड्याचं दप्तर निराळं. दाण्याची पिशवी, म्हणजे तोबरा, तोंडाला कोण बांधतो, पाणी कोण दाखवतो, खूर कोण उचलतो, एवढंच त्यात असतं.

ओळखायची त्याची रीतही आपल्यासारखी एकट्या चेहऱ्यावर भिस्त ठेवणारी नाही. ससेक्स विद्यापीठातल्या लीन प्रूप्स आणि कॅरन मकोम्ब यांनी २०१२ साली एक साधाच प्रयोग मांडला. घोड्याच्या दोन बाजूंना दोन माणसं उभी केली आणि त्यांतल्या एकाचा आवाज लपवलेल्या ध्वनिवर्धकातून ऐकवला. माणूस ओळखीचा असेल, तर घोडा आवाज ज्याचा त्याच्याकडेच बघायचा. म्हणजे आवाज आणि रूप यांची गाठ त्याच्या डोक्यात आधीच बांधलेली. वासाचा हिशेब त्याहून जुना. दोन घोडे भेटले की आधी नाकाला नाक लावतात, श्वास घेतात, मग पुढचं ठरतं. अत्तर फवारून तबेल्यात जाणाऱ्याने घोडा बिचकला म्हणून रुसू नये.

त्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना, त्यामुळे मान न वळवता जवळजवळ ३५० अंशांतलं त्याला दिसतं. दिसत नाही ते नेमकं कपाळासमोर आणि शेपटीमागे. आणि नवखा माणूस जातो तो नेमका तिथूनच! समोरून चालत यायचं आणि पहिला हात थेट कपाळावर. आधी आवाज द्यावा, खांद्याच्या रोखाने तिरकं जावं, हाताची पालथी बाजू नाकपुडीपासून वीतभर लांब धरावी आणि थांबावं. उरलेलं अंतर त्याने तोडायचं. त्याने मान फिरवली तर आज नाही, उद्या.

थोपटणं हा माणसाचा लाड. घोड्याला हवं असतं खाजवणं. मान संपून पाठ सुरू होते तो उंचवटा दोन घोडे एकमेकांचा दातांनी खाजवतात. तिथे बोटांच्या टोकांनी जोर लावून खाजवलं की नाडी संथ होते, मान खाली येते, वरचा ओठ लांब होऊन थरथरायला लागतो. रंगात आला तर तो परतफेड करायला जातो, तीही दातांनीच. अशा वेळी थप्पड न मारता खांद्याने त्याचं तोंड हलकेच बाजूला सारावं.

ओळख बिघडते ती बारीकसारीक कारणांनी. रोज खिशातून गूळ काढला की आठ-दहा दिवसांत घोडा खिसाच चावायला लागतो. खाऊ द्यायचाच तर सपाट तळहातावर, अंगठा चिकटवून, नाहीतर सरळ तोबऱ्यात. दुसरं कारण तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा. एका हिसक्यात तंग आवळला की तो पोट फुगवतो, कान पाडतो, आणि दुसऱ्या दिवसापासून खोगीर घेऊन येणाराच त्याला नकोसा होतो. आधी सैल, चार पावलं चालवून थोडा आवळ, मांड टाकायच्या आधी शेवटचा. आणि सगळी कामं डाव्या बाजूनेच केली तर उजवी बाजू कोरी राहते. मग तिकडून छत्री उघडली तरी घोडा उडतो.

बर्लिनच्या हान्सची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. खूर आपटून बेरजा सांगणारा घोडा. १९०४ मध्ये जाणत्यांची समिती बसली, तिला लबाडी सापडली नाही. १९०७ मध्ये ऑस्कर फुंग्स्ट यांनी दाखवून दिलं, की उत्तराचा आकडा आला की विचारणाऱ्याची मान नकळत किंचित हलते आणि हान्स थांबतो. विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल किंवा तो दिसत नसेल, तर हान्स आपटतच राहायचा. लोक हिरमुसले. मला ती बेरीज येण्यापेक्षा हे अवघड वाटतं. धन्याला स्वतःच्या मानेची खबर नाही आणि घोड्याला आहे! चंदी, म्हणजे दाणा, घेऊन रोज पाच वाजता येणारा आज घाबरलेला आहे का, घाईत आहे का, हे घमेलं खाली ठेवायच्या आधीच तबेल्यात कळलेलं असतं.

घोडं का अडलं? न फिरवल्यामुळे. लहानपणी हे भाकरी आणि पानांबरोबर पाठ केलेलं. फिरवल्यामुळे काय होतं, ते मात्र कुणी पुढे सांगितलं नाही.

दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार भरतो. घेणारे दात बघून वय काढतात, अंगावरच्या केसांचे भोवरे मोजतात, पंचकल्याणी, म्हणजे चारही पाय आणि तोंड पांढरं, आहे का बघतात, रेवाल ही त्याची झुलती चाल चालवून पाहतात. कुठल्या हाकेला येतो, उजवीकडून बुजतो का, चंदी किती वाजता, खरारा कुठून सुरू केलेला आवडतो, हे विचारणारे थोडे. सौदा ठरतो, दोर एका हातातून दुसऱ्या हातात जातो. घोडा टेंपोत चढतो, फळकं लागतं, खिळ सरकते. मग आतून लांब खिंकाळी येते. विकणाऱ्याला ती कुणासाठी आहे ते कळतं. तो नोटा मोजत असतो, आकडा चुकतो, पुन्हा पहिल्यापासून मोजतो.