पुस्तकं काट्यावर चढली त्याची गोष्ट

बांधकामाचं अंदाजपत्रक हातात आलं की मी आधी शेवटची रक्कम पाहत नाही, भाराचा तक्ता पाहतो, म्हणजे कुठल्या मजल्यावर किती वजन धरलंय ते. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका नगरपंचायतीच्या नव्या वाचनालयाची फाइल तांत्रिक मान्यतेआधी छाननीला आली, तेव्हाही तेच केलं. खाली रस्त्याकडे तोंड करून गाळे, वर वाचनालय. गाळ्यांचं भाडं येईल, त्यातून वाचनालय चालेल, असा हिशोब. हिशोब वाईट नाही, अशा पुष्कळ इमारती पाहिल्यात. पण वरच्या सगळ्या मजल्याला भार धरला होता चौरस मीटरला 3 किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानाने तीनशे किलो. हा भार निव्वळ वाचनकक्षाचा. पुस्तकं ठेवायच्या खोलीला आयएस 875 या इमारतींवरच्या भारांच्या भारतीय मानकाप्रमाणे 2.2 मीटर उंचीपर्यंत 6 किलोन्यूटन धरावे लागतात, आणि त्यावर उंचीच्या दर मीटरला आणखी 2. नकाशात ग्रंथकक्ष लिहिलेला होता. गणितात तो कुठेच नव्हता. आधीच्या कुठल्या तरी इमारतीचं डिझाइन उचलून नाव बदललेलं असावं.

जागेवर बैठक लागली. नगराध्यक्ष, दोन-तीन सदस्य, सल्लागाराचा माणूस, मी आणि वाचनालयाचे ग्रंथपाल. त्यांना सगळं गाव काकाच म्हणतं. मी आकडे सांगत होतो. एक सदस्य मध्येच म्हणाले, "कागदाचं वजन ते किती असन साहेब? सिमेंटची गोडाऊन थोडीच बांधून राह्यलो!"

काका तोवर गप्प होते. म्हणाले, "ते किलोन्यूटन आमाले समजत नाई. बाजूलेच काटा हाय, मोजून घेऊ ना."

जुन्या वाचनालयाला लागूनच कापसाच्या व्यापाऱ्याची खरेदी चालू होती. काकांनी कोपऱ्यातलं लोखंडी कपाट उघडलं, दोन मजूर बारदाना घेऊन आले. ज्ञानकोशाचे खंड, दिवाळी अंकांचे बांधीव गठ्ठे, जाडजूड चरित्रं, सगळी कप्प्याकप्प्यानं पोत्यात गेली. प्रत्येक पोत्यावर काकांनी खडूनं कप्प्याचा नंबर टाकला, परत लावताना घोळ नको म्हणून. मग पोती काट्यावर. एका कपाटातली पुस्तकं भरली सव्वा क्विंटल. एक मजूर बोललाच, "बाप्पा, कापसापरीस जड हाय!"

रिकामं कपाट साठेक किलोचं, खालची जागा तीन फूट बाय दीड फूट. भागाकार मी तिथंच करून दाखवला: चौरस मीटरला चारशे चाळीस किलोंच्या पुढे. सल्लागाराचा माणूस म्हणाला, मधे चालायची जागा आहे, सरासरी काढा. मुद्दा रास्त होता. पण आज कपाटं भिंतीला लावलेली असतात, पाच वर्षांनी पुस्तकं वाढली की तीच मधे येतात आणि वाट अरुंद होते. भारमानकातला आकडा तो दिवस धरूनच असतो.

वरचा मजला दणकट करायचा तर बीम-कॉलम वाढणार, लोखंड वाढणार. रक्कम मंजूर होऊन बसलेली. मग तोड निघाली: ग्रंथकक्ष खाली मागच्या बाजूला, पुढे चारऐवजी दोनच गाळे, आणि वर स्पर्धा परीक्षेच्या पोरांसाठी अभ्यासिका. तिला 3 किलोन्यूटन पुरतात. म्हाताऱ्या वाचकांचा जिनाही वाचला, हे मला जास्त आवडलं.

ग्रंथकक्ष खाली आला तरी काळी माती आहेच. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, वर फरशी उचलते. माती काढून मुरूम भरण्याचे पैसे लागणार होते. ते काढायला मी नकाशातल्या दर्शनी भागाच्या एसीपी शीटकडे, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या सजावटी पत्र्याकडे, आणि कमानीकडे बोट दाखवलं. एवढा वेळ शांत असलेली मंडळी तिथं मात्र खवळली. अर्धा तास कमानीवर गेला. जमिनीत गेलेला मुरूम उद्घाटनाच्या फोटोत दिसत नाही, त्याला कोण काय करणार! शेवटी शीट निम्मी झाली, कमान राहिली.

उठताना काकांनी विचारलं, "बांधाले पैसे हायेत, पन लाइटबिल कोन भरन? अन् झाडायले मानूस?"

अंदाजपत्रकात त्यासाठी ओळच नसते. तो बांधकामाचा विषय नाही. मद्रासच्या 1948 च्या ग्रंथालय कायद्यात मालमत्ता कराबरोबर ग्रंथालय उपकर आहे, कर्नाटकातही तो घेतात. आपल्या 1967 च्या ग्रंथालय कायद्यात तशी सोय नाही, त्यामुळे मदार सगळी वार्षिक अनुदानावर. ते मध्यंतरी 60 टक्क्यांनी वाढलं, पण त्यातच पगार, पुस्तकं, वर्तमानपत्रं आणि बिलं बसवायची. गाळे निम्मे झाले म्हणजे भाडंही निम्मं, आणि ती सूचना माझीच होती. म्हणून उरलेल्या दोन गाळ्यांचं भाडं वाचनालयाच्या वेगळ्या खात्यात जमा व्हावं, असा ठराव घ्या, असं मी सुचवलं.

"पुढच्या सभेत घेऊ," नगराध्यक्ष म्हणाले. सुधारित नकाशाला मान्यता मिळाली, मुरूम पडला, कॉलम उभे राहिले. त्या ठरावाची प्रत अजून फाइलला लागलेली नाही.